जाड तार, ढिला हात : सर्फ गिटारचे वेगवान पिकिंग शिकताना

एकाच तारेवर पिकचे, म्हणजे तार छेडण्याच्या छोट्या चपट्या पट्टीचे, खाली-वर आघात इतके जलद आणि इतक्या समान अंतराने करायचे की सुटे स्वर वेगळे न भासता एक अखंड, थरथरती रेघ ऐकू यावी, हे सर्फ गिटारचे मूळ तंत्र आहे. त्याला ट्रेमोलो पिकिंग किंवा डबल पिकिंग म्हणतात. १९६० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ही शैली आकाराला आली, आणि तिच्याशी सर्वांत घट्ट जोडले गेलेले नाव म्हणजे डिक डेल. बाल्बोआ येथील रॉन्देव्हू बॉलरूममध्ये सर्फिंग करणाऱ्या तरुणांच्या गर्दीपुढे तो वाजवत असे. त्याचे वडील लेबनीज होते. त्यांच्या बाजूच्या नातलगांकडून तो लहानपणी ताराबाकी हे हातांनी वाजवायचे तालवाद्य शिकला होता, आणि पुढे गिटारवरही त्याचा उजवा-डावा हिशोब ढोलवाल्याचाच राहिला. नवशिक्यासाठी या माहितीत एक उपयोगाची गोष्ट आहे. हे तंत्र तालाचे आहे असे धरून चालले, तर पहिल्या महिन्यातला निम्मा गोंधळ टळतो.

नावाविषयी एक खुलासा येथेच करतो. गिटारी बनवणाऱ्या फेंडर कंपनीने गिटारच्या ब्रिजला, म्हणजे धडावर तारा जिथे टेकतात त्या भागाला, लावलेल्या दांडीला ‘ट्रेमोलो’ असे नाव दिले, पण ती दांडी स्वर वर-खाली करते, म्हणजे तिचे काम व्हायब्रेटोचे आहे. आणि त्याच कंपनीच्या अनेक ॲम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रांवर, ज्या बटणाखाली ‘व्हायब्रेटो’ लिहिलेले असते ते बटण आवाज लहान-मोठा करते, म्हणजे त्याचे काम ट्रेमोलोचे आहे. ट्रेमोलो पिकिंगचा या दोहोंशी काही संबंध नाही. ते संपूर्णपणे हाताचे काम आहे.

किती वेग लागतो, हे आकड्यांत पाहू. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र, मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्यात चार आघात केले, तर सेकंदाला ८ आघात होतात. १५० ठोक्यांवर ते १० होतात. सर्फ शैलीतले बहुतेक वादन याच टापूत किंवा याच्या थोडे वर चालते. गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे खालच्या स्वराची ई, मोकळी वाजवली असता सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. सेकंदाला १० आघात करणारा पिक तिला प्रत्येक दोन आघातांच्या मध्ये जेमतेम आठ कंपने करू देतो. या तंत्रात स्वराला रेंगाळायला जागा अशी नसतेच, आणि म्हणून प्रत्येक आघात नेमका व सारख्या वजनाचा असावा लागतो.

चुकीचा जिना

वेग वाढवण्याचा जो उपदेश सर्वत्र ऐकायला मिळतो तो असा : अगदी हळू सुरुवात करा, मेट्रोनोम रोज थोडा वाढवा, एक दिवस तुम्ही वर पोहोचाल. डाव्या हाताच्या कामासाठी हा उपदेश बराचसा खरा आहे. ट्रेमोलो पिकिंगच्या बाबतीत मात्र तो पुष्कळांना एका ठरावीक आकड्यावर नेऊन अडकवतो, आणि तो आकडा बहुधा मिनिटाला ९० ते ११० ठोक्यांच्या आसपास असतो. मी स्वतः तेथे जवळजवळ वर्षभर अडकलो होतो.

याचे कारण शरीरात आहे. सेकंदाला तीन-चार आघात करताना आपण प्रत्येक आघात स्वतंत्रपणे ठरवून करतो; हात खाली जातो, थांबतो, वर येतो, थांबतो. सेकंदाला दहा आघात करणारा हात असे थांबत नाही. तो एका सलग डोलणाऱ्या हालचालीत असतो आणि तार फक्त त्या हालचालीच्या वाटेत येते. चालण्याचा वेग वाढवत नेल्याने मनुष्य एका टप्प्यानंतर धडपडतो, कारण पळण्याची हालचाल मुळातच निराळी असते. येथेही तसेच घडते. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी ओबडधोबड का होईना, पण वेगवान आणि सैल हालचाल शोधायची, मग तिला तालात बांधायची, आणि सर्वांत शेवटी तिला स्वच्छ करायचे. हळू सराव वर्ज्य नाही, पण त्याचे काम वेगळे आहे आणि ते पुढे येईल.

साहित्य, मोजकेच

कोणतीही इलेक्ट्रिक गिटार चालते. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर, १९५८ ची जॅझमास्टर आणि १९६२ ची जॅग्वार या फेंडरच्या गिटारी सर्फ शैलीशी कायमच्या जोडल्या गेल्या आहेत, तरी तंत्र शिकण्यासाठी त्यांपैकी एकीचीही गरज नाही.

तारांच्या जाडीचा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. तारांच्या संचावर लिहिलेले आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, आणि नव्या गिटारींवर बहुधा ९ ते ४२ किंवा १० ते ४६ असा संच चढवलेला असतो. पातळ तार पिकच्या धक्क्याने बरीच बाजूला ढळते, आणि सेकंदाला दहा आघातांच्या गतीत पुढचा आघात तिला प्रत्येक वेळी निराळ्या जागी गाठतो. परिणामी आवाज कधी जाड, कधी किरटा येतो. तोच स्वर जाड तारेवर हवा असेल तर तार अधिक ताणावी लागते, त्यामुळे ती पिकला टणकपणे अडवते आणि चटकन जागेवर परतते. डिक डेल १६ पासून सुरू होणारा अवाढव्य संच वापरत असे. नवशिक्याने त्याचे अनुकरण करण्याच्या भानगडीत पडू नये. ११ चा संच पुरेसा आहे. जॅग्वारची तार २४ इंचांची, तर स्ट्रॅटोकास्टरची साडेपंचवीस इंचांची असते. कमी लांबीवर तोच स्वर कमी ताणाने मिळतो, म्हणून आखूड लांबीच्या गिटारवर आणखी एक पायरी जाड संच सहज बसतो. जाडी बदलल्यावर मानेचा बाक, ब्रिजच्या स्प्रिंगा आणि नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा नव्याने बसवून घ्याव्या लागतात. हे काम पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्यावे.

पिक ०.८८ ते १ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. पातळ पिक आघाताच्या वेळी वाकतो आणि सरळ व्हायला क्षणभर घेतो. सावकाश वादनात हा क्षण जाणवत नाही, पण येथे तो सगळी लय खातो. याशिवाय एक मेट्रोनोम आणि ध्वनिमुद्रण करता येईल असा फोन हवा. बस.

पकड

तर्जनी किंचित वाकवावी, तिच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक ठेवावा आणि वरून अंगठा सपाट टेकवावा. पिकचे टोक बोटांबाहेर तीन-चार मिलिमीटरच दिसावे. जास्त टोक बाहेर राहिले तर ते तारेत खोल रुतते, आणि रुतलेला पिक बाहेर काढण्यासाठी हात नकळत जोर लावू लागतो. आघाताच्या वेळी टोकाचा एखाद-दुसरा मिलिमीटर एवढाच भाग तारेच्या पलीकडे जायला हवा.

पिक तारेला अगदी समांतर धरू नये. तो थोडा तिरका केला, साधारण वीस ते तीस अंशांनी, की त्याची सपाट बाजू तारेवर आपटण्याऐवजी गोलसर कड तारेवरून निसटत जाते, आणि खाली जाताना व वर येताना होणारा अडथळा सारखा होतो. तिरकेपणा फार झाला तर तारेच्या वेढ्यांवर खरखर ऐकू येते. ही खरखर थोडी असली तर सर्फच्या आवाजाला शोभते, पण स्वर तिच्यामागे दडू लागला की कोन कमी करावा.

पकड किती घट्ट असावी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या अंदाजापेक्षा फारच सैल आहे. दुसऱ्या हाताने पिक ओढला असता तो सहज निघून यावा. सरावात पिक हातातून पडत नसेल, तर तुम्ही तो गरजेपेक्षा घट्ट धरत आहात, असे मी खुशाल म्हणेन.

मी येथून पुढे ‘पिकचा हात’ आणि ‘फ्रेटचा हात’ (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जेथे बोट दाबून स्वर काढतात) असे म्हणणार आहे, कारण डावखुऱ्यांची संख्या कमी नाही. डेल स्वतः डावखुरा होता आणि उजव्या हाताच्या वादकासाठी तारा चढवलेली गिटार उलटी धरून वाजवत असे, त्यामुळे त्याची जाड तार खाली, जमिनीकडे असे. हे अनुकरणासाठी सांगितलेले नाही. डावखुऱ्यांनी आपल्या बाजूने तारा चढवून घेणेच सोयीचे.

हालचाल शोधणे

पहिल्या दिवशी गिटार बाजूला ठेवावी. पेन्सिलीने काढलेली छोटीशी रेघ खोडरबराने भराभर खोडताना आपला हात कसा हलतो, ते टेबलावर करून पाहावे. मनगट सैल असते, हालचाल एक-दीड सेंटिमीटरची असते, खांदा स्वस्थ असतो आणि आपण आघात मोजत नसतो. ही हालचाल सेकंदाला पाच फेऱ्यांपर्यंत, म्हणजे खाली-वर मिळून दहा आघातांपर्यंत, जवळजवळ कोणालाही करता येते. म्हणजे वेग तुमच्याजवळ आधीपासून आहे. गिटार हातात आली की आपण तो ताठपणाने दाबून टाकतो, एवढेच.

आता गिटार घ्यावी. पिकच्या हाताच्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजजवळ अलगद टेकवावी. फ्रेटच्या हाताने सगळ्या तारा हलक्या झाकून मुक्या कराव्यात, म्हणजे स्वर चुकण्याची धास्ती राहणार नाही. मग सहाव्या, सर्वांत जाड तारेवर तीच खोडरबराची हालचाल दोन सेकंद करावी आणि थांबावे. हात मांडीवर सोडून द्यावा, पाच-सहा सेकंद तसाच पडू द्यावा, आणि पुन्हा दोन सेकंद. मेट्रोनोम नको. सफाई नको. पिक अधूनमधून तारेत अडकला, शेजारच्या तारेला लागला, तरी चालेल. फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवायचे, ती म्हणजे हात कोठे आवळला जात आहे.

आवळण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली अंगठ्याच्या बुंध्याशी, दुसरी कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला, तिसरी खांद्यात, आणि चौथी, विनोद वाटेल, पण जबड्यात. कोपर ताठ करून अख्खा पुढचा हात थरथरवला तर वेग लगेच मिळतो, आणि पुष्कळ जण तोच मार्ग धरतात. पण असा वेग अर्ध्या मिनिटात संपतो आणि त्यावर नियंत्रण येत नाही. त्याऐवजी मनगटाची आडवी हालचाल आणि तिच्या सोबतीला, कुलपात किल्ली फिरवताना होते तशी, पुढच्या हाताची अगदी थोडी पिळणी, या मिश्रणावर बहुतेकांचा हात स्थिरावतो. प्रमाण ज्याचे त्याचे. आपल्या हाताला काय मानवते ते पाहण्यासाठी फोनवर संथ गतीचे चित्रण करावे. डोळ्यांना जे घुसमटलेले दिसते ते बहुधा तसेच असते.

पिक तारेवर कोठे पडतो, हेही येथेच ठरवून टाकावे. मानेजवळ तार मऊ लागते आणि तिचा डोल मोठा असतो. ब्रिजकडे सरकावे तशी ती कडक होत जाते. ब्रिजजवळच्या पिकअपच्या (तारेचे कंप टिपणाऱ्या भागाच्या) थोडे पुढे, तार कडक पण आवाज अजून भरदार अशी जागा सापडते. तेथेच राहावे.

एवढ्या कामाला एक आठवडा द्यावा, रोज दहा मिनिटे. याहून जास्त वेळ सलग केल्यास फायदा होत नाही, उलट थकलेला हात ताठपणाच शिकतो.

तालात बांधणे : छोटे झोत

सरोदवादक तारेवर जवा, म्हणजे सरोदचा पिक, खाली आणि वर चालवताना ‘दा’ आणि ‘रा’ असे बोल म्हणतात. आपणही खाली जाणाऱ्या आघाताला ‘दा’ आणि वर येणाऱ्याला ‘रा’ म्हणू. एका ठोक्यात ‘दा-रा-दा-रा’ ही झाली चौगुन, आणि सर्फ पिकिंगचा मूळ ठेका हाच.

मेट्रोनोम १०० वर लावावा आणि चार ठोक्यांचे आवर्तन धरावे. पहिल्या ठोक्यात ‘दा-रा-दा-रा’ असे चार आघात, दुसऱ्या ठोक्यावर एकच ठाम ‘दा’, आणि तिसऱ्या-चौथ्या ठोक्यांत हात पूर्ण ढिला. या व्यायामाचा जीव त्या एकट्या ‘दा’ मध्ये आहे. झोत नेमका त्या ठोक्यावर उतरला, तर आधीचे चारही आघात बरोबर अंतरावर पडले असे समजावे. तो आधी उतरला तर हात घाबरून पळाला, आणि उशिरा उतरला तर मध्ये कोठेतरी पिक अडकला. चारही आघातांवर लक्ष ठेवण्याच्या फंदात पडू नये, कारण ते शक्यच नसते; ध्यान उतरण्याच्या जागेवर ठेवावे. तबलजी तिहाई घेताना समेकडे पाहतो तसे.

हे सहज जमू लागले की वेग वाढवायचा नाही, झोत लांबवायचा. दोन ठोके भरून आठ आघात आणि तिसऱ्या ठोक्यावर उतरणे. मग चार ठोके भरून सोळा आघात आणि पुढच्या आवर्तनाच्या समेवर उतरणे. सोळांचा झोत ढिल्या हाताने दहापैकी आठ वेळा बरोबर उतरला, की मेट्रोनोम १०८ वर न्यावा आणि पुन्हा चारांच्या झोतापासून सुरुवात करावी. १०८ नंतर ११६, मग १२४. प्रत्येक पायरीला किती दिवस लागतील हे सांगता येत नाही; काही पायऱ्या दोन दिवसांत ओलांडल्या जातात आणि एखादी तीन आठवडे अडवून ठेवते. अडल्यास एक युक्ती करून पाहावी. अडलेल्या वेगापेक्षा २० ठोके जास्त ठेवून फक्त चारांचे झोत पाच मिनिटे करावेत, आणि मग मूळ वेगावर परतावे. पुष्कळदा तो वेग एकाएकी प्रशस्त वाटू लागतो.

विसाव्याचे ठोके गाळू नयेत. हात आवळणे आणि सोडणे यांतला फरक शरीराला त्या रिकाम्या ठोक्यांतच कळतो, आणि पुढे लांब वादनात चालत्या आघातांमध्येच हात सोडायचा असतो, त्याची ही तयारी आहे.

लंगडी लय

आता हळू सरावाची पाळी येते. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचे ‘दा’ वजनदार आणि ‘रा’ किरटे असतात, त्यामुळे लय लंगडत चालते : दोन-दोन आघातांच्या जोड्या ऐकू येतात आणि अखंड रेघ तुटते. वाजवताना हे स्वतःला ऐकू येत नाही. म्हणून वीस सेकंदांचे वादन मुद्रित करून शांतपणे ऐकावे, आणि ऐकण्याची गती निम्मी करण्याची सोय असेल तर अधिक चांगले.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. मेट्रोनोम ७० वर ठेवून चौगुनीतच वाजवावे, पण सुरुवात ‘रा’ पासून करावी, म्हणजे ठोक्यावर वर जाणारा आघात येईल. पहिल्या दिवशी मेंदू बंड करतो. पाच-सहा दिवसांनी ‘रा’ मध्ये वजन येऊ लागते. मग एक मिनिट ‘दा’ पासून, एक मिनिट ‘रा’ पासून, असे आलटून पालटून करावे, आणि दोन्ही मुद्रणे ऐकताना कोणते कोणते आहे हे ओळखू येईनासे झाले की हा व्यायाम आठवड्यातून एकदा पुरे. हळू वाजवतानाही हालचाल छोटीच ठेवावी. संथ लयीत हात मोठा फिरवण्याचा मोह होतो आणि त्यातून तीच थांबत-थांबत चालणारी सवय परत येते.

फ्रेटचा हात : एका तारेवर भैरव

सर्फच्या अनेक चाली एकाच तारेवर वर-खाली सरकत वाजवल्या जातात. डेलने १९६२ साली ध्वनिमुद्रित केलेली ‘मिसिरलू’ ही त्यातली सर्वांत गाजलेली. पूर्व भूमध्य सागरी प्रदेशातल्या या जुन्या चालीत कोमल रिषभ आणि कोमल धैवत असून गांधार व निषाद शुद्ध आहेत, म्हणजे स्वरांचा साचा आपल्या भैरव थाटाचाच आहे. ज्यांच्या कानावर भैरवाचे स्वर आहेत त्यांना ही चाल परकी वाटत नाही, आणि सरावासाठीही हा साचा उत्तम आहे, कारण त्यात लहान सरकणे आणि मोठी उडी दोन्ही आलटून पालटून येतात.

सहाव्या तारेची मोकळी ई षड्ज धरली तर भैरवाचे स्वर ०, १, ४, ५, ७, ८, ११ आणि १२ या फ्रेटवर पडतात. बोटे अशी ठेवावीत : पहिल्या फ्रेटवर तर्जनी, चौथ्यावर करंगळी, आणि तीच करंगळी न उचलता पाचव्यावर सरकवावी, मग हात वर नेऊन सातव्यावर तर्जनी, तीच आठव्यावर सरकवावी, अकराव्यावर करंगळी, आणि तीच बाराव्यावर सरकवावी. उतरताना हाच मार्ग उलटा. म्हणजे मोकळी तार सोडली तर अर्ध्या स्वराचे प्रत्येक अंतर एकाच बोटाने सरकून पार होते आणि दीड स्वराचे अंतर तर्जनी व करंगळी यांच्यात पसरते. हाताने पूर्ण जागा बदलण्याची वेळ फक्त पाच आणि सात यांच्या मध्येच येते. पिकिंग चालू असताना बोट उचलून पुन्हा ठेवण्यापेक्षा सरकवणे फार सुरक्षित असते, कारण उचललेल्या क्षणी मोकळी तार ओरडते.

सुरुवातीला प्रत्येक स्वरावर आठ आघात द्यावेत, ९० च्या लयीत. स्वर बदलण्याचा क्षण नेहमी ठोक्यावरच्या ‘दा’ शी जुळायला हवा, आणि त्यासाठी फ्रेटच्या हाताला आदल्या ‘रा’ नंतरच्या इवल्याशा फटीत पोहोचावे लागते. येथे चूक झाली की नवा स्वर फुटका येतो. पुष्कळ जण अशा वेळी पिकचा हात मंद करतात, तसे करू नये. पिकचा हात गिरणीच्या पट्ट्यासारखा चालत राहिला पाहिजे आणि जुळवून घेण्याची जबाबदारी फ्रेटच्या हाताने पत्करली पाहिजे. आठांवर जमले की चार आघात, मग अधूनमधून दोन. दोनांवर हे कठीण आहे. घाई नाही.

बोटाचा दाब स्वर स्वच्छ येईल इतकाच ठेवावा. पिकचा हात जोरात असला की फ्रेटचा हातही सहानुभूतीने आवळतो, आणि जाड तारेवर त्या जादा दाबाने स्वर किंचित चढतोसुद्धा.

घसरण आणि तारा बदलणे

जाड तारेवर पिकिंग चालू ठेवून बोट वरच्या फ्रेटवरून खाली मानेकडे घसरत आणणे ही सर्फची ओळखीची खूण आहे. चॅन्टेज या वाद्यवृंदाची ‘पाइपलाइन’ अशाच घसरणीने सुरू होते. बाराव्या फ्रेटवरून निघून दोन ठोक्यांत खाली पोहोचावे. घसरणीचा वेग एकसारखा ठेवण्याची गरज नाही, पण पिकचे आघात घसरणीबरोबर मंदावता कामा नयेत. तळव्याची कड ब्रिजवर थोडी पुढे सरकवून तार अर्धवट दाबली की आवाज टपटपणाऱ्या थेंबांसारखा होतो. हा परिणाम ‘ड्रिप’ या नावाने ओळखला जातो आणि त्याची खरी गंमत रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारे साधन, चालू केल्यावर कळते.

एका तारेवरून दुसरीवर जाताना सुरुवातीला एकच नियम पाळावा : प्रत्येक तारेवर सम संख्येने आघात. चार, सहा किंवा आठ आघात झाले की नव्या तारेवर पहिला आघात नेहमी ‘दा’ येतो, आणि हाताला दरवेळी नवा विचार करावा लागत नाही. तार बदलताना मनगट वाकवून पोहोचू नये. पुढचा हात किंचित खाली सरकवावा, म्हणजे मनगटाचा तारेशी असलेला कोन तसाच राहतो. विषम संख्येच्या चाली या नियमाची सवय झाल्यावर घ्याव्यात.

रिव्हर्ब शेवटी

सर्फ म्हटले की लोकांना स्प्रिंगचा तो ओला, घुमणारा रिव्हर्बच आठवतो. फेंडरचे स्वतंत्र रिव्हर्ब यंत्र १९६१ साली आले आणि ते या शैलीच्या आवाजाचा भाग होऊन बसले. शिकताना मात्र तो बंद ठेवावा. रिव्हर्ब आघातांमधल्या फटी भरून काढतो, लंगडी लय झाकतो आणि किरट्या ‘रा’ ला आधार देतो. अर्थात शिकणाऱ्याला ज्या तीन गोष्टी ऐकू यायला हव्यात त्या तिन्ही लपवतो. मी चार महिने रिव्हर्बच्या कुशीत सराव केला, आणि मग एकदा गिटार थेट मुद्रणयंत्राला जोडून कोरडा आवाज ऐकला. तो ऐकून आठवडाभर गिटारला हात लावावासा वाटला नाही. सरावाचा नियम असा ठेवावा की शेवटची पाच मिनिटे रिव्हर्ब, बाकी सगळे कोरडे. ॲम्पवर डिस्टॉर्शनही (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) नको, कारण ते जोरकस आणि हलक्या आघातांना एकाच उंचीवर आणून ठेवते.

दमसास आणि दुखणे

या शैलीतल्या रचना लहान, बहुतेक दोन-अडीच मिनिटांच्या असतात, पण तेवढा वेळ हात चालवणे नवशिक्याला डोंगराएवढे वाटते. सोळांचे झोत १३० च्या लयीत बसल्यानंतर अर्धा मिनिट सलग, मग पाऊण, मग एक मिनिट, असे वाढवत न्यावे, आणि प्रत्येक आठव्या ठोक्यावर मुद्दाम पकड थोडी सोडावी. चालत्या आघातांमध्ये पकड सोडता येणे हाच दमसास आहे; स्नायूंच्या ताकदीचा त्यात वाटा थोडा असतो. ड्रमच्या मुद्रित ठेक्यावर सराव केला तर मेट्रोनोमपेक्षा हात लवकर सैलावतो, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या हातात जळजळ सुरू झाली की लगेच थांबावे, दोन मिनिटे हात खाली सोडून ठेवावा आणि कमी लांबीच्या झोतांवर परतावे. मनगट किंवा कोपर दुखत राहिले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा बधिरपणा जाणवला, तर सराव त्या दिवसापुरता बंद करावा, आणि त्रास काही दिवस टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. दुखणे सहन करून वेग मिळतो हा समज या तंत्राच्या बाबतीत सरळसरळ चुकीचा आहे, कारण दुखणारा हात हा आवळलेला हात असतो.

पिकची कडही दर आठवड्याला प्रकाशात धरून पाहावी. जाड, वेढे असलेल्या तारेवर इतके आघात झाले की ती एका बाजूने झिजून तिला सपाट धार येते, आणि मग कालपर्यंत जमणाऱ्या वेगात आज पिक अडकू लागतो. अशा वेळी दोष हाताला देण्याआधी पिकचे दुसरे टोक वापरून पाहावे. त्रिकोणी आकाराच्या मोठ्या पिकला अशी तीन टोके असतात, आणि सर्फ वाजवणाऱ्याला ती तिन्ही लवकरच लागतात.